'रॉजर' म्हणजे 'होय' का?

वाशीकर : उलव्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून मुलांना वैमानिकांच्या बोलण्याचं वेड लागलंय. शाळेच्या भित्तिपत्रकात 'रॉजर'पुढे 'होय' लिहिलं तर चालेल?

ऐरोलीकर : नको. 'रॉजर' म्हणजे 'तुमचा निरोप पूर्ण ऐकला', बस. होयसाठी 'अफर्म', नाहीसाठी 'निगेटिव्ह'. 'समजलं, तसंच करतो' याला 'विल्को'. आणि धावपट्टीविषयीची परवानगी, उंची, दिशा, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) चार आकडी कोड यांना नुसतं 'रॉजर' चालतच नाही. ऐकलेलं परत म्हणायचं, सोबत आपलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव. 'होल्ड शॉर्ट रनवे टू सेव्हन'ला (धावपट्टी दोन सातच्या अलीकडे थांबा) 'रॉजर' आलं, तर कंट्रोलर पुन्हा म्हणवून घेतो. वैमानिकाने दोन सात ऐकलं की तीन दोन, हे 'रॉजर'वरून कळणार कसं? मुंबईत तर या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात.

ठाणेकर : आणि 'स्टँडबाय'? 'थांबा'च ना?

ऐरोलीकर : इथेच मराठीत घोटाळा होतो. 'स्टँडबाय' म्हणजे 'जरा दम धरा, मी बोलावतो'. त्यात होकारही नाही, नकारही नाही. विमान जागच्या जागी थांबवायचं तर 'होल्ड पोझिशन'. दोन्हींपुढे 'थांबा' लिहू नका.

कोपरीकर : टेनेरिफ या स्पेनच्या बेटावरचा अपघात मुलांना जरूर सांगा. २७ मार्च १९७७, धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो धडकले, ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम कंपनीच्या विमानाला मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नाही. वैमानिक म्हणाला, 'वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ'. टॉवर म्हणाला 'ओके', आणि लगेच, 'टेकऑफसाठी स्टँडबाय, मी बोलावतो'. नेमकं तेव्हाच दुसरं विमान, पॅनअ‍ॅम बोललं, 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत'. विमानांचा व्हीएचएफ रेडिओ एएम या प्रक्षेपण पद्धतीवर चालतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी एकदम बटण दाबलं की ऐकणाऱ्याला कर्कश शिट्टी येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोचलं ते 'ओके'. म्हणून बोलण्याआधी क्षणभर ऐकायचं, वाक्य तोकडं ठेवायचं. बटण अडकून राहिलं तर सगळी फ्रिक्वेन्सीच बंद पडते.

वाशीकर : मग 'टेकऑफ'पुढे काय लिहू?

कोपरीकर : 'उड्डाण'च लिहा, पण टीप हवी : हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारतात. एरवी 'डिपार्चर'. तयार असलेला वैमानिकही 'रेडी फॉर डिपार्चर'च म्हणतो.