कॅलेंडरचं फिंगर गार्ड सारखं ट्रिप होतंय, बायपास करून घेऊ का?

भोसरी_लिनन:
भोसरी एमआयडीसीत हॉटेल-हॉस्पिटलच्या चादरी धुवायच्या युनिटमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. इस्त्रीला वाफेवरचं कॅलेंडर आहे, खाली तापलेला बेड आणि वर पॅडिंगचा रोल. तोंडाशी जी आडवी गार्डपट्टी असते ती हल्ली जरा काही झालं की मशीन बंद पाडते. चादर आत अडकून पिवळी पडते, हॉटेलवाले माल परत पाठवतात. बाहेरून आलेला फिटर म्हणाला, "स्विचच्या दोन वायरी जोडून देतो, कटकट मिटेल." मशीन तातडीने बंद करायचं लाल बटण बाजूला आहेच, फीडिंगच्या दोघी ताईही अनुभवी आहेत. करून घेऊ का?

जुना_मेंटेनन्सवाला:
नका करू ताई. त्या फिटरला परत त्या मशीनला हातही लावू देऊ नका.

लाल बटण कोण दाबणार? फीडिंग करणारीचे दोन्ही हात चादरीत असतात. ओल्या कापडाचा कोपरा बोटांना गुंडाळला गेला की रोल कापडाबरोबर हातही ओढतो, अनुभवी असो नाहीतर नवी. तिचा दुसरा हात बटणापर्यंत पोहोचत नाही. पट्टीला मात्र त्याच हाताचा धक्का लागतो, म्हणून ती तिथे बसवलेली असते.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. प्रेस किंवा लेथ बंद पडलं की इजा तिथेच थांबते. इथे रोल थांबला तरी हात तापलेल्या बेडवर दाबलेलाच राहतो. 8 बार वाफ म्हणजे साधारण 175 अंश. प्रत्येक सेकंदाला भाजणं खोल जातं. म्हणून नुसतं थांबवता येऊन भागत नाही, रोल वर उचलता आला पाहिजे. तुमच्या मशीनला तो हवेच्या दाबावर उचलला जातो का, वीज गेल्यावर हाताने कसा उचलायचा, हँडल कुठे असतं, हे पाळीतल्या प्रत्येकाला करून दाखवा. सांगून उपयोग नाही, एकेकाकडून करून घ्या. आपल्याकडे गुरुवारी लाइट जाते, तेव्हा तर हे यायलाच हवं.

आता ट्रिपचं. बहुतेक वेळा पट्टीच्या बिजागरीत मेण आणि लिंट (कापडाचे बारीक तंतू) साचून ती मोकळी परत येत नाही, किंवा लिमिट स्विचचा, म्हणजे पट्टी हलली की मशीन बंद करणाऱ्या स्विचचा, ब्रॅकेट ढिला झालेला असतो. चादरी नीट पिळलेल्या नसतील, किनार दुमडून जात असेल, तरी जाड घडी पट्टीला लागते. कुठल्या मालाला ट्रिप होतं ते दोन दिवस लिहून ठेवा, कारण सापडेल. काम करताना वाफेचा व्हॉल्व्ह बंद, बेड थंड, मेन स्विच बंद करून कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात.

मालक कुरकुरले तर सांगा, यंत्राचा धोक्याचा भाग झाकलेला ठेवणं 1948 च्या कारखाने कायद्यापासून त्यांच्यावर बंधनकारक आहे.

वॉर्डातली_सिस्टर:
दादांनी सांगितलं त्यात भर. हात सुटल्याबरोबर अंगठी, बांगड्या काढा, नंतर सुजेमुळे निघत नाहीत. 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड दिसला नाही तरी थेट हॉस्पिटल, कारण चेंगरून भाजलेला हात वरून बरा दिसतो आणि आतून खराब झालेला असतो. कामावर काचेच्या बांगड्या आणि मोकळी ओढणी नकोच.

भोसरी_लिनन:
बायपास रद्द. आज बेड थंड करून बिजागरी उघडली, मेणाचा थर निघाला. साफ केल्यावर अख्ख्या पाळीत फक्त जाड टॉवेलवरच ट्रिप झालं. रोल उचलायचं हँडल स्टोअरमध्ये कुलपात होतं, ते मशीनला साखळीने लावलं. रोज पट्टी तपासायची कशी?

जुना_मेंटेनन्सवाला:
पाळी सुरू होताना, चादर घालायच्या आधी, लांब लाकडी पट्टीने गार्ड ढकलायचं. रोल त्याच क्षणी थांबायला हवा. थोडासा फिरून थांबला तरी त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. आणि टॉवेल कॅलेंडरवर घालूच नका, ते ड्रायरला.