'प्रतिभा' म्हणजे नेमकं काय? आणि 'जीनियस'ला हाच शब्द चालतो का?

शब्दखूण
टॅलेंट, जीनियस, गिफ्टेड या तिन्हींसाठी हल्ली सरसकट 'प्रतिभा' छापलं जातं. मूळ संस्कृतात हा अर्थ होता का? प्रज्ञा, मेधा आणि प्रतिभा यांत फरक कसा करायचा? आणि प्रतिभा जन्मजातच असते, असं शब्दातच आहे का?

धातुपाठ
'भा' म्हणजे प्रकाशणे. प्रभा, आभा, भानू हे सगळे त्याच घरातले. 'प्रति' लागला की कुणाला तरी उद्देशून प्रकाशणं होतं: 'प्रतिभाति मे' म्हणजे मला वाटतं, मला दिसतं. आपलं 'मला सुचलं' बघा. तिथे 'मी' कर्ता नाही, सुचलेली गोष्ट कर्ता आहे. संस्कृतातही रचना तशीच. म्हणजे प्रतिभा ही आधी घडणारी गोष्ट होती, अंगी असलेला गुण हा नंतरचा अर्थ.

याचा सगळ्यात चोख पुरावा काव्यात नाही, वादात आहे. न्यायसूत्रं हा तर्क आणि वादाच्या शास्त्राचा जुना ग्रंथ; त्याच्या पाचव्या अध्यायात 22 निग्रहस्थानं, म्हणजे वादात हरल्याची कारणं दिली आहेत. त्यातलं एक 'अप्रतिभा': ऐनवेळी उत्तर न सुचणं. मूर्खपणा नव्हे, फक्त न सुचणं!

व्याकरणकार भर्तृहरी तर वाक्याचा अर्थ एकदम उमगतो त्यालाच प्रतिभा म्हणतो, आणि प्राण्यांची उपजत जाणही त्यातच धरतो. वसंतात कोकिळाला सूर कोण शिकवतं, घरटं बांधायला कोण शिकवतं, असं तो विचारतो. 'अलौकिक' वगैरे छटा इथे नाही.

काव्यहेतू
ती छटा काव्यशास्त्रात आली. जुना काव्यशास्त्रकार भामह म्हणतो, काव्य एखाद्याच प्रतिभावंताकडून क्वचित निपजतं. रसचर्चेसाठी प्रसिद्ध अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांची व्याख्या तर पाठच असते: 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता'. यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रतिभा ही प्रज्ञाच, पण सतत नवं फुटणारी.

जन्मजात असण्यावर मात्र एकमत कधीच नव्हतं. काव्यशास्त्रकार दंडी 'नैसर्गिकी प्रतिभा' म्हणतो खरा, पण लगेच पुढच्या श्लोकात सांगतो की ती नसली तरी अभ्यास आणि यत्नाने वाणीची उपासना केली तर वाणी थोडी कृपा करतेच. दुसरा काव्यशास्त्रकार राजशेखर हा कवीच्या प्रतिभेचे सहजा, आहार्या आणि औपदेशिकी असे तीन भाग पाडतो. शेवटच्या दोन कमावलेल्या. शिवाय रसिकाची वेगळी, भावयित्री. सतराव्या शतकातला जगन्नाथ काव्याचं कारण केवळ प्रतिभा मानतो, पण ती कुठे अदृष्टातून (पूर्वपुण्यातून) येते, तर कुठे व्युत्पत्ती (म्हणजे इथे बहुश्रुतता) आणि अभ्यासातून, असंही म्हणतो. तेव्हा 'प्रतिभा शिकवता येत नाही' हे वाक्य परंपरेच्या नावावर खपवू नये.

लॅटिनवाला
'जीनियस'चा प्रवास वेगळा. लॅटिनमध्ये जन्म देणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. रोमन पुरुषाबरोबर जन्मापासून असणारा रक्षक देव म्हणजे जीनियस. वाढदिवशी त्याला नैवेद्य असे. स्त्रियांच्या तशा देवतेला जुनो म्हणत. 'असामान्य बुद्धीचा माणूस' हा अर्थ फार उशिराचा. अरबी कथांतल्या जिन्नशी या शब्दाचं व्युत्पत्तीचं नातं नाही (तो अरबी, लपण्याच्या धातूतला), पण अरबी कथांच्या फ्रेंच भाषांतरात आवाजाच्या साम्यामुळे दोघांची सांगड बसली.

'टॅलेंट' तर चक्क वजन. ग्रीक तालांतोन, अथेन्सच्या मापाने साधारण 26 किलो. बायबलमधल्या दृष्टान्तात धनी नोकरांना 5, 2 आणि 1 टॅलेंट सोपवतो, एकजण ते पुरून ठेवतो. तिथून 'देवाने सोपवलेली देणगी' हा अर्थ निघाला.

धातुपाठ
वापरापुरतं: आकलन आणि विवेक असेल तर प्रज्ञा. ग्रहण केलेलं टिकवणं असेल तर मेधा. अमरकोशात 'धीर्धारणावती मेधा' असंच आहे. नवं सुचण्याचा भाग असेल तरच प्रतिभा. गोलंदाजाच्या अचूक टप्प्याला 'कौशल्य' पुरतं, त्याने नवाच चेंडू शोधून काढला तर प्रतिभा म्हणा. हिंदीत 'प्रतिभा खोज' आहे तिथे मराठीत 'प्रज्ञाशोध परीक्षा' म्हणतात, ते मला जास्त नेमकं वाटतं.

जीनियस माणसाला 'प्रतिभावंत' म्हणा. 'तो प्रतिभा आहे' मराठीत बसत नाही. आणि 'प्रतिभास' हा वेगळाच शब्द, अर्थ नुसता भास. मुद्रितशोधनात तो हमखास निसटतो.