अंक-अक्षरांच्या कोड्यांची स्पर्धा: उत्तरावरून भांडणं होऊ नयेत म्हणून काय करावं?

प्रश्न (इंदूर)
कॉलनीच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी ‘पुढे काय येईल?’ छापाची कोडी ठेवायची आहेत. तिघांचा एक, असे पंधराएक संघ, वेळ एक तास. घरोघरी मराठी आहे, पण पोरं हिंदी-इंग्रजी माध्यमातली. प्रश्न किती काढावेत, गुण कसे द्यावेत? आणि ‘आमचंही बरोबर आहे’ म्हणत कोणी उभं राहिलं तर?

पाढेपाठ
शेवटचं आधी घ्या, रंग तिथेच जातो. ३, ५, ७ पुढे काय? विषम धरले तर ९, मूळ संख्या धरल्या तर ११. दोघंही बरोबर, चुकला तो प्रश्न काढणारा. ३, ५, ७, ११, १३ द्या, मग १७ वर सगळे येतात. १, २, ४ चीही तीच गत: दुप्पट केलं तर ८, फरक एकेकाने वाढवला तर ७. पाच पदांहून कमी देऊच नका.

तरी एखादा इंजिनिअरिंगवाला म्हणेल की दिलेल्या पाच पदांपुढे हवी ती संख्या बसवणारं सूत्र काढता येतं. खरंच येतं! म्हणून कागदावरच छापा: उत्तराला १ गुण, नियम दहा शब्दांत लिहिला तर आणखी २. वेगळं उत्तर आलं, पण त्याचा नियम सगळ्या पदांना लागला आणि दहा शब्दांत मावला, तर पूर्ण गुण द्यायचे. घातांकांची माळ दहा शब्दांत मावत नाही.

बाराखडी
अक्षरांच्या कोड्यांत इंग्रजी ए-बी-सी कशाला? वर्णमालेचा पाच बाय पाचचा चौकोन आयता आहे. क, छ, ड, ध, पुढे? म. प्रत्येक वर्गात एक घर पुढे सरकायचं. हे हिंदीवाल्या पोरांनाही सुटतं. ए, दो, ती, चा, पा, स, सा (पुढे आ) मात्र त्यांना अडेल, कारण हिंदीत सहाव्या जागी ‘छ’ येतो. असे प्रश्न दोनच ठेवा, आजी-आजोबांनाही भाव मिळू दे.

‘वेगळा कोण’मध्ये जपून. २९, ५९, ८९, ९९ हा प्रश्न छान: मराठीत बाकीचे सगळे ‘एकोण’वाले, ९९ तेवढा नव्व्याण्णव. मूळ संख्या शोधणाऱ्यालाही ९९ च मिळतो. ५९ च्या जागी ६९ घातलात की गणितवाल्याला दोन वेगळे दिसतात. आणि हिंदीत मोजणाऱ्याला ८९ खटकणारच, तिथे तो ‘नवासी’ आहे. म्हणून प्रश्नातच ‘मराठीत म्हणून पाहा’ असं लिहा.

अक्षरं मोजायची असतील तर आधी जाहीर करा: जोडाक्षर एक, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे नाहीत. म्हणजे ग्वाल्हेर तीन अक्षरी. ‘ग्वालियर’ लिहिलं की चार होतात.

पाढेपाठ
वेळेचं: दोन फेऱ्या, प्रत्येकी १० प्रश्न, २० मिनिटं. मध्ये १० मिनिटं तपासायला, शेवटची १० निकालाला. पहिले तीन प्रश्न इतके सोपे की प्रत्येक संघाचं खातं उघडेल. बरोबरीसाठी एक राखीव: १, ११, २१, १२११, १११२२१ (आधीचं पद वाचायचं: ‘एक एक’, ‘दोन एक’… उत्तर ३१२२११).

आठवडाभर आधी तीन जणांना उत्तरांशिवाय सोडवायला द्या. दोघांची उत्तरं वेगळी आली तर प्रश्न रद्द, दुरुस्त करत बसू नका. तिघांनाही पाच मिनिटांत जमलं नाही तर तो राखीव.

प्रश्नकर्ता
आकडे देवनागरीत छापू की इंग्रजीत? आणि मोबाईल?

बाराखडी
छपाई देवनागरीत चालेल, पण उत्तरं कुठल्याही आकड्यांत घ्या. हाताने घाईत लिहिलेले १ आणि ९ सारखेच दिसतात, म्हणून उत्तराची चौकट मोठी ठेवा. जुन्या फॉन्टमधली फाईल दुकानातल्या कॉम्प्युटरवर विस्कटते, पीडीएफच न्या. मोबाईल संघाच्या टेबलावर पालथे. शेजारच्या टेबलाला प्रश्नांचा क्रम बदललेला दुसरा संच द्या, वरच्या कोपऱ्यात ‘अ’ आणि ‘ब’ ठळक, नाहीतर तपासताना तुमचाच घोळ होईल.