स्कॉटलंडमध्ये मोटरसायकल आणि तंबू: ओले कपडे वाळवायचे कुठे?

नमस्कार मंडळी,

मी गुहागरचा. येत्या जूनअखेरीस मी आणि चुलतभाऊ भाड्याच्या मोटरसायकलींवर स्कॉटलंडात चौदा दिवस फिरणार आहोत. इनव्हरनेसहून निघून नॉर्थ कोस्ट ५००, म्हणजे उत्तर किनाऱ्याची ८३० किलोमीटरची वाट, आणि मग आयल ऑफ स्काय हे बेट. मुक्काम जमेल तितका तंबूत.

"मे महिन्यात जा, तेव्हा पाऊस कमी" हे तिघांनी सांगून झालंय. मान्य. पण मे म्हणजे आमच्याकडे आंब्याच्या पेट्या आणि घरभर पाहुणे. भावाची होडी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत वर ओढलेली, तेवढीच त्याला सुटी. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी भरून झाली की निघायचं, त्यामुळे तारखांवर सल्ले नकोत.

पाऊस नवा नाही. तीन हजार मिलिमीटर आम्ही चार महिन्यांत अंगावर घेतो. तिकडच्या पश्चिमेच्या डोंगरातही काही ठिकाणी तेवढा पडतो, पण वर्षभर पुरवून पुरवून, आणि गार. इथे भिजलं की घरी येऊन चुलीवरच्या दांडीवर कपडे टाकायचे. धुराचा वास लागतो, पण वाळतात. तंबूत काय करायचं? रात्री आठ-दहा अंश असताना ओले हातमोजे सकाळी परत चढवायचे, या विचारानेच बोटं आखडतात.

गेल्या जुलैत आंबा घाटावर रंगीत तालीम केली (परसात नको, आईसमोर फजिती नको म्हणून). तंबूखाली ताडपत्री अंथरली, ती चारी बाजूंनी वीतभर बाहेर. वरून ओघळलेलं पाणी तिच्यावर धरलं आणि थेट पाठीखाली आलं. रात्री दोन वाजता दोघं उकिडवे बसून मऊ पडलेला चिवडा खात होतो. ती चूक कळली. पण आतून छतालाही थेंब होते. तंबू कोरा करकरीत, मग गळतो कसा? शिवाय रस्त्याकडेला कुठेही तंबू ठोकता येतो हे खरं का? आणि त्या मिज नावाच्या चिलटांचं काय?

प्रतिसाद १
तंबू गळत नाहीये. तुमच्याच श्वासाची वाफ गार कापडावर जमते. पावसाला घाबरून सगळ्या चेन बंद केल्या असणार. वरच्या खिडक्या उघड्या ठेवा, आतलं आणि बाहेरचं कापड एकमेकांना टेकू देऊ नका. ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चार बोटं आतच हवी.

कपड्यांचे दोन जोड करा. एक ओला, एक सोवळ्यातला. सोवळ्यातला फक्त झोपताना. कितीही गारठलात तरी तो घालून मोटरसायकलवर बसायचं नाही. आतून लोकर घाला, भिजली तरी ऊब देते. दर तिसऱ्या रात्री हॉस्टेल किंवा बंकहाउस (सामायिक खोलीतली साधी निवासाची जागा) घ्या. तिथे बऱ्याच ठिकाणी ड्राइंग रूम, म्हणजे ओले कपडे वाळवायची खोली असते, हातमोजे-बूट सकाळपर्यंत कोरडे.

२००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू टाकता येतो, पण तो हक्क गाडीला नाही. मोटरसायकल रीतसर उभी करून तंबू घेऊन चालत जायचं. लॉख लोमंड तलावाच्या बाजूला मार्च ते सप्टेंबर काही पट्ट्यांत परवाना लागतो.

मिज वाऱ्यात उडत नाहीत. आडोशाची जागा शोधायची आपली सवय तिथे सोडा, वाऱ्यावरची किनाऱ्याकडची जागा धरा. डोक्यावरून घ्यायची जाळी न्याच. स्टोव्हचं गॅसचं डबडं विमानात चालत नाही, तिकडेच घ्या.

प्रतिसाद २
एकाच गाडीपुरत्या अरुंद, पण दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यांवर पासिंग प्लेस, म्हणजे समोरच्याला वाट द्यायला रुंद केलेल्या जागा असतात. समोरून गाडी आली की, ती जागा डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्या समोर थांबायचं. ॲपलक्रॉसच्या घाटात, बेआलाख ना बा, उंची ६२६ मीटर, वर धुकं असेल तर घाई करू नका.

धागाकर्ता
सोवळ्याचं आईला सांगितलं. म्हणाली, आधी घरी पाळून दाखव.

एकच राहिलं. भाऊ विचारतोय, तिकडच्या फेरीबोटीत आपल्या धोपावे-दाभोळ बोटीसारखं मोटरसायकल धरून उभं राहायचं का?

प्रतिसाद १
नाही, पट्ट्यांनी आवळून बांधतात. तुम्ही वर जाऊन चहा घ्या.