चार पैशांचं चोपडं रद्दी कसं?

रावपुरेकर: काल आपल्या या बडोद्याच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं की इंग्रजांच्या काळातली पदांची, पोवाड्यांची स्वस्त चोपडी म्हणजे बाजारू माल, वाचता येणारे होतेच किती, त्यांना कसली इतिहासात जागा. डोकंच फिरलं. अहो 1911 च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरात सहा जण साक्षर, मान्य, पण ती चोपडी गायला होती! आजीच्या ट्रंकेत एक होतं, तळहाताएवढं, दोऱ्याने शिवलेलं, प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहून सगळ्यांना पाठ असलेल्या नाटकाच्या पदाची ओळ. एकाने वाचायचं, चाल माहीतच, की दुसऱ्या कडव्याला अख्खा वाडा गातोय. आणि नुसता बाजारू माल होता तर 1909 ला बाबाराव सावरकरांना कवितांच्या पुस्तिकेपायी जन्मठेप का झाली?

मांडवीकर: ते नाशिकचं, तिथे इंग्रजांचं राज्य, इथे बडोद्यात गायकवाडी होती. आणि एका पुस्तिकेने सगळा ढीग सोन्याचा होत नाही. त्यात सवतींची भांडणं आणि चावट लावण्याच जास्त.

दांडियाबाजारवाली: सवतीचं भांडण बाजारू? माझ्या पणजीला सवत होती. दळताना ती तसलीच गाणी म्हणायची, तिचं दुसरं कुणी लिहून ठेवलंय का सांगा.

सुरसागर: जपायचं काय हे ठरवतं कोण, ते बोला ना. 1894 नंतरच्या गणपती मेळ्यांची, म्हणजे गणेशोत्सवात गाणाऱ्या पथकांची, पदं कौतुकाने सांगता, फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा विचार गाण्यांतून, नाट्यातून सांगणाऱ्या जलशांचं नावही नाही. फुल्यांनी शिवाजीराजांचा पोवाडा 1869 ला छापला, मेळ्यांच्या 25 वर्षं आधी. 'बडोदावत्सल' वर्तमानपत्र काढणारे दामोदर सावळाराम यंदे सत्यशोधकच, आपल्याच गावात.

मांडवीकर: झालं, आणली जात मध्ये.

सुरसागर: मी नाही आणली, होतीच. आजोबांची जलशातल्या पदांची वही घेऊन एका लायब्ररीत गेलो होतो, तिथल्या माणसाने उघडलीसुद्धा नाही, असलं आम्ही ठेवत नाही म्हणाला. मेळ्याची असती तर ठेवली असती.

दांडियाबाजारवाली: मेळ्यांना कशाला झोडपताय, तिथे आमच्या घरातल्या मुली पहिल्यांदा चारचौघांत उभ्या राहून गायल्या.

सुरसागर: मेळे वाईट म्हटलंच नाही मी. वहीबद्दल बोलतोय.

मांडवीकर: बरं बाबा, 1869 मान्य, वही परत करायला नको होती हेही मान्य. लावण्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. रावपुरेकर, त्या ट्रंकेतल्या चोपड्याचा फोटो टाका, बघू तरी.

रावपुरेकर: नाहीये. आजी गेल्यावर घर बदललं तेव्हा वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला दिलं, मीच दिलं. म्हणून कुणी रद्दी म्हटलं की लागतं.