काजू-चॉकलेट पाय: खालची पारी कच्ची का राहते?

वेंगुर्लेकरीण
शेजारच्या मावशी दर नाताळाला नेवऱ्या नि कुलकुलांचं ताट पाठवतात. ताट रिकामं परत करायचं नाही, म्हणून यंदा चॉकलेट पायचा (मैद्याच्या पारीत सारण भरून भाजायचा गोड पदार्थ) घाट घातलाय. मूळ कृती अमेरिकेतली, त्यात पिकन (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि कॉर्न सिरप, म्हणजे मक्याचा पाक. पिकन इथे कुठून आणू? घरचे काजूगर घेतले, सिरपऐवजी काकवी. 3 अंडी, 100 ग्रॅम डार्क चॉकलेट, ओटीजीत 180 अंशांवर 40 मिनिटं. काल रंगीत तालीम झाली. वर झकास पापुद्रा, सुरी घातली तर खाली ओली कणीक. गरमच कापला, तर सारण ताटभर पसरलं. सासरे म्हणाले, "चव बरी आसा, पण वाटयेत वाढ." मळताना लोणी हाताला वितळत होतं, तेही डिसेंबरात!

ओटीजीवाला
पारी आधी रिकामी भाजलीत का? नसेल, तर दोष तिथेच. पीठ शिजायच्या आत सारणाची ओल पितं. काट्याने टोचा, वर बटर पेपर, त्यात वजनाला कोरडा राजमा भरून 190 वर 15 मिनिटं. मग राजमा काढून आणखी सातेक मिनिटं. तो राजमा पुन्हा शिजत नाही, वेगळ्या बरणीत ठेवा. आमच्या आईने एकदा त्याचीच उसळ लावली. सहा शिट्ट्या झाल्या, तरी खडेच.

पहाटेची
दुपारी मळू नका हो! पहाटे करा. फ्रिजातलं कडक लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं होईतो. पाणी बर्फाचं. गोळा अर्धा तास फ्रिजात. आणि अख्खे काजू कशाला? पाकळी घ्या, पण कोरडी भाजून. कच्चे काजू सारणात गिळगिळीत होतात.

काकवीप्रेमी
काकवी बरोबर आहे. सिरप नुसतं गोडीला नसतं, साखरेचे खडे होऊ देत नाही. ते काम काकवीही बऱ्यापैकी करते. साखर मात्र कमी करा, चिमूटभर मीठ घाला. कडा घट्ट आणि मध्यभाग थरथरता असतानाच बाहेर काढा. निदान 4 तास सुरी लावू नका.

वेंगुर्लेकरीण
आज पहाटे साडेपाचला पुन्हा केला. पारी खुटखुटीत! सासऱ्यांनी दुसरा तुकडा मागून घेतला, वाटीबिटी काही नाही. राजम्याच्या बरणीवर "पायचा, शिजवू नये" अशी चिठ्ठी डकवलीय. आता मावशींच्या ताटात हे 23 सेंटिमीटरचं धूड मावतंय का, तेवढं बघायचं.