अलास्काची हिमनदी तुम्ही कुठल्या क्रूझने बघितलीत? (अनुभव धागा)

माझे बाबा सांगलीजवळच्या एका शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवत होते. हिमनदी, हिमोढ (हिमनदीने वाहून आणलेली दगडमाती), लोंबती दरी, सगळं खडूने फळ्यावर काढून शिकवलं. प्रत्यक्षात एकही हिमनदी पाहिलेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे सॅन होजेला येतायत आणि यावेळी त्यांना अलास्काला न्यायचंच, असं मी आणि नवऱ्याने ठरवलंय.

गाडी अडलीय ती कंपनी निवडताना. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी, नॉर्वेजियन, डिस्ने... सगळ्यांच्या जाहिरातीत तोच निळा बर्फ आणि शेपटी वर काढलेला तोच देवमासा. दरात मात्र दुपटीचा फरक दिसतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत. आई ७० ची, गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी. बरोबर आमचा ८ वर्षांचा मुलगा.

जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कुठली हिमनदी, किती जवळून, कुठला महिना, आणि वयस्कर माणसांना कसं झेपलं. खर्चाचे आकडे नाही दिलेत तरी चालेल.

*

व्हँकुव्हरहून लिहितोय, दोनदा जाऊन आलोय. ताई, कंपनी आधी ठरवू नका, हिमनदी आधी ठरवा. कंपनी तिच्यामागून आपोआप ठरते.

तुमच्या बाबांसाठी मी डोळे मिटून ग्लेशियर बे सांगेन. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त २ मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी मिळते. या फेऱ्या मुख्यतः हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेसकडे आहेत, नॉर्वेजियनकडेही काही आहेत. पण त्याच कंपनीची प्रत्येक फेरी तिथे जात नाही. जाहिरातीत 'ग्लेशियर क्रूझिंग' लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका. दिवसवार कार्यक्रमात 'ग्लेशियर बे' हे दोन शब्द दिसले तरच पुढे जा.

सकाळी उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून येतात आणि शिडीने आपल्या जहाजावर चढतात. मग दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात, डेकवर उभे राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. माझी आई मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी जेमतेम. मी तिला एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा खाडीच नव्हती, जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर तो बर्फ ६० किलोमीटरहून जास्त मागे सरला होता. आज तोंडापासून टोकापर्यंत जायला शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. म्हणजे आपलं जहाज ज्या पाण्यावरून जातं तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होता. आईने हे ऐकलं आणि कठड्यावरून वाकून बराच वेळ नुसतं पाणी बघत राहिली.

खाडीच्या टोकाला मार्जरी हिमनदी आहे. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, समोरचा कडा दीडेक किलोमीटर रुंद, पाण्यावर साधारण ७५ मीटर उंच. जहाज तिच्यापुढे तासभर थांबतं आणि जागच्या जागी वळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खोल्यांना दर्शन होतं. बाबांना एक आवर्जून दाखवा. मार्जरीच्या शेजारीच ग्रँड पॅसिफिक हिमनदी आहे, पण ती काळीकुट्ट दिसते. दगडमातीने पार झाकलेली. आमच्या शेजारची मंडळी तिला डोंगराचा पायथा समजून पाठ फिरवून उभी होती. फळ्यावर हिमोढ काढलेला माणूस तिला लगेच ओळखेल.

*

न्यू जर्सी. माझा मुद्दा एकच, पण तो तिकीट काढायच्या आधी वाचा: कॅनडाचा व्हिसा.

परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेत सुरू होऊन अमेरिकेतच संपणारी फेरी मध्ये परदेशी बंदर न घेता करता येत नाही. १८८६ चा कायदा आहे. म्हणून सिअॅटलहून सुटून सिअॅटललाच परतणारी बोटसुद्धा एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागते. आपण बोटीवरून उतरणार नसलो तरी कागद लागतात. ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर ते कार्ड दाखवून चालतं. एच-१बी वाल्यांना आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना कॅनडाचा व्हिसा हवाच, शिवाय अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा हवा.

आमच्या एजंटाने "व्हिक्टोरियाला फक्त चार तास, काही लागत नाही" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. धक्क्यावर माझ्या सासूबाईंना चढू दिलं नाही. अहो बोटीवर आणि मी धक्क्यावर आईंचा हात धरून, असा निरोप घेतला आम्ही. त्या बिचाऱ्या मलाच सांगत होत्या, "तू जा गं, मी राहते हॉटेलात." व्हिसाला वेळ लागतो. आत्ताच अर्ज करा.

*

ह्यूस्टन, दोन मुलं (६ आणि ११). आम्ही जुलैमध्ये सिअॅटलहून रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या बोटीने गेलो. मुलांच्या दृष्टीने झकास. खेळ, पोहण्याचे तलाव, सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही. तुमच्या मुलाला ग्लेशियर बेच्या शांत बोटीवर दोन दिवसांत कंटाळा येईल का, हा विचार करा. आमच्या धाकट्याला नक्की आला असता.

हिमनदी एंडिकॉट आर्म नावाच्या फियॉर्डमधली (हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाडीतली), डॉज नावाची. फियॉर्ड फार सुंदर आहे, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि त्यावरून उतरणारे धबधबे. पावसाळ्यात माळशेज घाटातून जावं तसं, फक्त खाली समुद्र. पण पाण्यात बर्फाचे तुकडे खूप होते म्हणून आमचं जहाज बरंच अलीकडे थांबलं आणि हिमनदी लांबूनच दिसली. ज्यांनी छोट्या बोटीची सहल वेगळे पैसे भरून घेतली ते अगदी जवळ गेले. मात्र तिथे जहाजातून त्या बोटीत उतरावं लागतं, आईंच्या गुडघ्यांचा विचार करूनच ठरवा.

काही फेऱ्यांत एंडिकॉटच्या जागी शेजारचं ट्रेसी आर्म असायचं. १० ऑगस्ट २०२५ ला तिथे डोंगराचा कडा कोसळून मोठी त्सुनामी उसळली. तेव्हा नेमकं कुठे नेणार आहेत ते कंपनीला स्पष्ट विचारा.

आणखी एक. सिअॅटलची बोट व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या समुद्रातून जाते. पहिली रात्र आमच्या सगळ्यांची उलट्यांत गेली. व्हँकुव्हरहून सुटणाऱ्या बोटी बेटाच्या आतल्या बाजूने जातात, तिथे पाणी शांत असतं. आईने सांगलीहून आलेपाक आणला तर फार उत्तम, आम्हाला तोच कामी आला. गोळ्या डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच सुरू करायच्या. उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

*

नमस्कार. मी पेडण्याचा, ११ वर्षं क्रूझ बोटींवर गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) काम केलं, त्यातले ४ उन्हाळे अलास्कात. आमच्या गोव्यात बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात आणि तुम्ही कुठल्याही कंपनीने जा, आमच्यापैकी कोणीतरी बोटीवर भेटणारच. छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देश लिहिलेला असतो. 'इंडिया' दिसलं की बिनधास्त बोला.

शाकाहारी जेवणाची काळजी करू नका, पण ते मागावं लागतं. बुकिंग करतानाच कळवा. आणि पहिल्या रात्री बुफेला न जाता मोठ्या डायनिंग रूममध्ये जाऊन हेड वेटरला भेटा. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, तिखट किती, हे त्याला नीट सांगा. तो उद्याच्या जेवणाची यादी आदल्या संध्याकाळी विचारतो आणि आम्ही आत डाळ, भाजी, भात वेगळा करतो. बुफेत भाजीच्या सूपलासुद्धा मांसाचं पाणी असू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. सगळ्या मोठ्या कंपन्यांत हे थोड्याफार फरकाने सारखंच आहे, तेव्हा जेवणावरून कंपनी निवडू नका.

एक विनंती. बिलात रोजची टीप आपोआप लागते. बरेच लोक शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती काढून टाकतात. ती काढू नका. खोली साफ करणारा आणि तुमची डाळ वाढणारा, दोघांच्या घरी त्यातूनच पैसे जातात.

*

डॅलस. आम्ही हबर्ड हिमनदीसाठी गेलो, मे महिन्यात, व्हँकुव्हरहून सुअर्डपर्यंत एकमार्गी फेरी. (कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.) हबर्ड म्हणजे प्रचंड प्रकरण. १२० किलोमीटरहून लांब आणि तोंड १० किलोमीटर रुंद. आणि बाकीच्या बहुतेक मागे सरकत असताना ही पुढे येतेय. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फियॉर्डचं तोंड बुजवून त्याचं चक्क तळं करून टाकलं होतं. हे सगळं मी वाचून गेलो होतो.

दिसलं काय? धुकं. जहाज आत शिरलं, दोन तास रेंगाळलं आणि परत फिरलं. निसर्गावर राग नाही. पण रात्रीपर्यंत कंपनीने एक शब्द सांगितला नाही, बायको सकाळी ६ पासून डेकवर थंडीत उभी होती. म्हणून सांगतो, एकाच हिमनदीवर सगळी भिस्त ठेवू नका. एकमार्गी फेरीत काही कंपन्या कॉलेज फियॉर्डही घेतात, तिथे एकाच ठिकाणी अनेक हिमनद्या आहेत. १८९९ च्या हॅरिमन मोहिमेने त्यांना हार्वर्ड, येल, स्मिथ अशी महाविद्यालयांची नावं दिली. आणि जूनोला उतराल तेव्हा मेंडेनहॉल बघाच. शहरापासून बस आहे, तळ्यापलीकडे हिमनदी दिसते, धबधब्यापर्यंतची वाट बऱ्यापैकी सपाट. आमचं त्या फेरीतलं खरं दर्शन तिथेच झालं.

*

नाशिक, निवृत्त शिक्षिका. आम्ही चौघी मैत्रिणी पुण्यातल्या एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. चांगलं हे की व्हिसापासून बॅगांपर्यंत काही बघावं लागलं नाही. पण ग्लेशियरच्या दिवशी आमच्या गटाचा खेळांचा कार्यक्रम ठेवला होता, दुपारी, आतल्या हॉलमध्ये! मी आणि एक मैत्रीण उठून बाहेर गेलो. तंबोला घरी खेळता येतो हो.

कपड्यांचं सांगते. जुलैतसुद्धा बर्फासमोर बोचरा वारा असतो. एकच जाड कोट नको, एकावर एक घाला, बाहेरचा थर पाणी अडवणारा. कानटोपी, हातमोजे, आणि प्रत्येकाला वेगळी दुर्बीण. एकच असली की नेमक्या वेळी दुसऱ्याच्या हातात असते. केचिकनला (वाटेतलं एक बंदर) पाऊस धरूनच चला. कोकणातला असतो तसाच, पण गार.

*

पोर्टलंड. क्रूझ न घेताही हे होतं, म्हणून लिहितेय. मी आणि बहीण सरकारी फेरीबोटीने गेलो. बेलिंगहॅमहून निघते, डेकवर स्वतःचा तंबू लावता येतो, चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून. जूनोहून छोट्या विमानाने गस्टेव्हसला गेलो आणि उद्यानाच्या बार्टलेट कोव्हहून सुटणारी दिवसभराची बोट घेतली. तिच्यावरही रेंजर असतो, आणि छोटी असल्याने किनाऱ्यावरची अस्वलं नुसत्या डोळ्यांनी दिसली. तुमच्या आई-बाबांना तंबू सांगणार नाही, पण विमान आणि दिवसाची बोट त्यांना सहज जमेल.

*

(धागाकर्ती) सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाचा अर्ज या आठवड्यात करतोय. व्हँकुव्हरहून जाऊन परत येणारी, दिवसवार कार्यक्रमात ग्लेशियर बे असलेली जूनची फेरी जवळजवळ नक्की केलीय. मुलाच्या कंटाळ्यावर बाबा म्हणाले, "तो माझ्याकडे." काल फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ग्रँड पॅसिफिकचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, विचार त्यांना, बर्फ तुटतो तेव्हा आवाज कसा येतो?

*

(व्हँकुव्हर) काकांना सांगा, आधी दिसतं, मग ऐकू येतं. कडा सुटून पाण्यात पडताना आपण बघतो तेव्हा काहीच आवाज नसतो. दोन-तीन सेकंद जातात आणि मग लांबवर वीज कडाडावी तसा आवाज येतो. तिथले मूळ रहिवासी ट्लिंगिट लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात. आवाज ऐकून वळाल तर तुकडा पडून गेलेला असतो. म्हणून कॅमेरा नातवाकडे द्या, आणि काकांना म्हणावं नजर कड्यावरून हलवू नका.